कापलेल्या टाळ्या

टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या माणसाला गाणं कळतं, असा लोकांचा उगाचच समज असतो. मला गाणं कळत नव्हतं, मला आवाज कळायचा. घरघर कुठे आहे, हेडवर मळ कुठे बसलाय, रबराचा पट्टा सैल होऊन गाणं कुठे रडायला लागलंय, हे मी पलीकडच्या खोलीत बसून सांगायचो. गाणाऱ्याला काय म्हणायचंय याच्याशी माझं देणंघेणं नव्हतं. बहारीनला मी अकरा वर्षं काढली आणि त्यातली पहिली दोन मी या तोऱ्यात होतो. मग माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि तोरा उतरला. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आता सत्तरी उलटली, म्हणून लिहून टाकतो.

मी गुहागर तालुक्यातला. शहात्तर साली बहारीनला गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आमचं दुकान गुदैबियात होतं. पुढे कॅसेटांची विक्री आणि मागे पडद्याआड माझं टेबल. मालक बहारीनी, स्वभावाने भला. दुपारी एक वाजला की शटर खाली ओढून घरी जेवायला आणि झोपायला जायचा तो चारला परतायचा. ते तीन तास दुकान माझं. राहायला तिथूनच दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत आम्ही सातजण, सगळे आमच्याच तालुक्यातले. कुणी ड्रायव्हर, कुणी सुतार, दोघे मीना सलमान बंदराच्या गोदामात.

दुकानात हिंदी गाणी खपायची, मिसरी म्हणजे इजिप्तची खपायची, आणि एका कोपऱ्यात एक खण होता ज्याला मालक नुसतं ‘अफ्रिका’ म्हणायचा. मीना सलमानला बोटी लागल्या की खलाशी यायचे आणि लागोस, मोंबासा, दार-ए-सलाम असल्या बंदरांवरून आणलेल्या कॅसेटा बदलून न्यायचे. आम्ही त्यांच्या प्रती काढायचो. एका टोकाची माणसं दुसऱ्या टोकाची भाषा जाणत नसतील, पण आमच्या खणात ती मांडीला मांडी लावून बसलेली असत. मला त्या गाण्यांतलं एक अक्षर कळायचं नाही. गिटार मात्र झकास वाजवायचे, आणि बासचा आवाज इतका भरीव की स्पीकर तपासायला मी तीच कॅसेट लावायचो.

एक गोष्ट मात्र माझ्याही नजरेतून सुटली नाही. हा खण उघडायला येणारा माणूस आत शिरताना एक असायचा आणि ऐकताना दुसराच व्हायचा. एक तेलकट कपड्यातला खलाशी, दिवसभर कुणीतरी खेकसलेला, खांदे पाडून आलेला. त्याचं गाणं लावलं आणि तो असा ताठ उभा राहिला की मीच खुर्ची मागे सरकवली. मोडक्या इंग्रजीत मला म्हणाला, “हे गाणं आमच्या रेडिओवर लावत नाहीत. बंदी आहे.” आपल्याकडे मुलगा पहिल्या वर्गात पास झाला हे सांगतात ना, तशा थाटात. गाण्यावर बंदी आली यात मिरवण्यासारखं काय आहे, ते मला समजेना. मी मान हलवली आणि त्याची कॅसेट बांधून दिली.

आता आमच्या दुकानातल्या ‘सफाई’बद्दल सांगायला हवं. मैफिलीत, लग्नात, सभागृहात भरलेल्या टेपा यायच्या. त्यात गाण्याइतकंच खोकणं, खुर्च्या सरकवणं, टाळ्या आणि आरोळ्या. गिऱ्हाइकाला गाण्यामागून गाणं हवं असायचं. म्हणून मोठ्या चकतीवरची मूळ टेप खाचेत बसवून मी ब्लेडने कापायचो, मधला गोंगाट काढून टाकायचो, दोन तिरकी टोकं जुळवून वरून चिकटपट्टी लावायचो आणि मग त्यावरून कॅसेट भरायचो. मूळ टेपला हात न लावता, भरतानाच बटण दाबून गोंगाट गाळता आला असता. पण बटणाचा ‘टक्’ असा आवाज राहतो आणि तो मला खपत नसे. माझा सांधा कुणाच्या कानाला कधी लागला नाही. मालक चारचौघांत माझं कौतुक करायचा आणि मी फुशारून जायचो.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत एक सुदानी गृहस्थ दुकानात आले. चाळिशीचे, उंच, काळेभोर, अंगात पांढरा पायघोळ झगा आणि डोक्याला पांढरं पागोटं. नईम भागातल्या एका शाळेत ते मुलांना अरबी शिकवत, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. टॉवेलात गुंडाळलेली टेपची चकती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. तान्हं मूल ठेवावं तशी.

“मुहंदिस,” ते म्हणाले. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. तिकडे हातात स्क्रू-ड्रायव्हर असला की कुणालाही ही पदवी मिळते. “ही एकच आहे. हिची कॅसेट करून दे. फार जपून कर.”

“काळजी करू नका, उस्ताद,” मी म्हणालो. “गाणी कसली आहेत?”

“आमच्या विद्यापीठातला कार्यक्रम आहे. गाणारा आमच्याकडचा मोठा गवई. आता त्याला गाऊ देत नाहीत.” ते एवढंच बोलले आणि दाराकडे बघून गप्प झाले. त्या काळात सुदानात लष्कराचं राज्य होतं आणि परदेशातल्या माणसालाही कोण ऐकतंय याची धास्ती असे. हे मला नंतर कळलं.

दुपारी शटर खाली आल्यावर मी टेप लावली. एका ठिकाणी दोन-तीन हात लांबीची टेप चुरगळली होती, ती मी हलक्या हाताने सरळ केली. सात गाणी होती. ऊद नावाचं तंतुवाद्य, व्हायोलिनं, एक अकॉर्डियन आणि जाडसर, दमदार गळा. सूर मोजकेच, पाचच्या पुढे जात नव्हते, त्यामुळे माझ्या कानाला ते परके वाटले नाहीत. पण गर्दी! प्रत्येक गाण्याच्या मध्ये चार-चार मिनिटं टाळ्या, ओरडणं, पाय आपटणं. सगळं मिळून ऐंशी मिनिटांच्या वर जात होतं. साठ मिनिटांची कॅसेट टिकाऊ, नव्वदची टेप पातळ असते आणि यंत्रात गुंतते, हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. उस्तादांची एकुलती एक टेप मी नव्वदच्या कॅसेटवर कशी भरणार? त्यांनी जपून कर म्हटलं होतं. मी जपलंच. तीन दुपारी खपून मी ती सगळी गर्दी कापून काढली. सातही गाणी लखलखीत, एकाला एक लागून, साठ मिनिटांत चपखल बसली. इतकं सुबक काम मी त्याआधी केलं नव्हतं. मुळातली चकतीही मी तशीच सांधून ठेवली, आता स्वच्छ झालेली.

शनिवारी उस्ताद आले. मी कॅसेट लावली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. ते डोळे मिटून ऐकत होते. पहिलं गाणं संपून दुसरं लागलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मग दर गाण्यागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. पाचवं संपून सहावं लागलं आणि ते एकदम पुढे वाकले. “थांब. मागे घे.” मी मागे घेतलं. “पुन्हा.” पुन्हा घेतलं. पाचवं संपत होतं, सहावं सुरू होत होतं. सांधा कानाला लागत नव्हता.

“इथे माझा भाऊ होता,” ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचा धाकटा भाऊ त्याच विद्यापीठात शिकत होता. त्या कार्यक्रमात पाचवं गाणं संपल्यावर टाळ्या थांबल्या आणि मागच्या रांगेतून त्याने दोनदा ओरडून एका गाण्याची मागणी केली. बंदी घातलेल्या गाण्याची. सभागृह गप्प झालं. गवई हसला आणि म्हणाला, “तू ओळ धरशील का माझ्या मागे?” भाऊ म्हणाला, “मरेपर्यंत धरीन.” मग सगळं सभागृह उठलं आणि सहावं गाणं झालं ते तेच. दोन महिन्यांनी विद्यार्थ्यांचा संप झाला, पोलिसांनी भावाला वसतिगृहातून उचलून नेलं आणि त्यानंतर त्याचा पत्ता नाही. घरी त्याचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा एक फोटो होता. आणि त्याचा आवाज फक्त या टेपवर. तीनच वाक्यं.

ती तीन वाक्यं मी ऐकली होती. ब्लेड हातात घेऊन दोनदा ऐकली होती, कापायची जागा नक्की करायला. माझी अरबी तेव्हा ‘यल्ला’ म्हणजे चल आणि ‘खलास’ म्हणजे संपलं, याच्या पुढे गेलेली नव्हती. कुणीतरी पोरगं मागून ओरडतंय, एवढंच मला कळलं होतं.

खरं सांगायचा क्षण तो होता. मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते असं: “उस्ताद, टेप एका ठिकाणी चुरगळली होती. तो भाग गेला. जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं.”

त्यांनी यंत्र स्वतःच बंद केलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझा काय दोष? तू नसतास तर हेही गेलं असतं.” आणि चकती माझ्याकडे जपायला ठेवून कॅसेट घेऊन गेले. मला कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

ते वळताच मी कचऱ्याची टोपली उलटी केली. रिकामी. गुरुवारी संध्याकाळी दुकान झाडून कचरा बाहेर ठेवायचा आणि तो गाडी घेऊन जायची, हा नियम, आणि झाडणारा मीच. टेबलाच्या मागे, भिंतीच्या फटीत, पायपुसण्याखाली मी शोधलं तेव्हा टेपचे अकरा तुकडे मिळाले. वीतभर, हातभर. कुठला तुकडा कुठला, उलटा की सुलटा, काही खूण नाही. पुढचे पंधरा दिवस दुपारी मी जेवलो नाही. एकेक तुकडा कोऱ्या टेपमध्ये सांधायचा आणि ऐकायचा. बोलणं उलटं लागलंय की सुलटं, हे ती भाषा न जाणणाऱ्याला चटकन उमगत नाही. टाळ्यांवरून उमगतं. सुलटी टाळी फट्कन लागते आणि विरते. उलटी लागली की आवाज फुगत येऊन एकदम तुटतो. तसं करून मी अकरा तुकडे सुलटे लावले. नऊंत टाळ्या होत्या, एकात खुर्ची, एकात कुणाचा तरी खोकला. ती तीन वाक्यं नव्हती.

ते तुकडे मी अंदाजाने पाचव्या आणि सहाव्या गाण्याच्या मध्ये बसवले, दुसरी कॅसेट भरली आणि उस्तादांना नेऊन दिली. यंत्रात अडकलेली थोडी टेप निघाली, असं सांगितलं. हे दुसरं खोटं. ते घरात खाली बसून ऐकत होते. टाळ्या आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि ते रडायला लागले. मी त्यांच्यासाठी केवढी खटपट केली म्हणून ते मला मिठी मारत होते आणि मी लाकडासारखा उभा होतो.

त्या दिवसापासून मी त्यांचा मित्र झालो. झालो म्हणजे त्यांनी करून घेतलं. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर नईममधल्या त्यांच्या खोलीवर दहा-पंधरा सुदानी जमत. मलाही बोलावणं असे. शाळामास्तर, कारकून, एक हिशेबनीस, मीना सलमानच्या गोदामावरचा एक पहारेकरी. जेवायला मोठ्या ताटात ज्वारीच्या पातळ, आंबूस पोळ्या, आमच्या घावनांसारख्या, आणि वर रस्सा. जेवण झालं की कॅसेट लागे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, आमच्या खोलीत गावची कॅसेट लावून सगळे डोळे पुसतात तसंच काहीतरी असेल. तसं नव्हतं. ही माणसं गाणं सुरू झालं की मांड्या सावरून ताठ बसत. आठवडाभर ज्याला ‘ए, यल्ला’ करून हाकलत तो पहारेकरी त्या खोलीत राजासारखा दिसे. आणि टाळ्या आल्या की खोलीतले सगळे त्या टाळ्यांत टाळ्या मिसळत. शेजारचे दार वाजवत तरी थांबत नसत.

सहाव्या गाण्याचा अर्थ उस्तादांनी मला समजावला. एक बाई जात्यावर ज्वारी दळतेय. दारात शिपाई उभा आहे. ती त्याला विचारते, पोरा, तूही याच पिठावर वाढलास ना, मग तुझी बंदूक कुणाच्या ताटाकडे रोखलीस? एवढंच. एकदा गवई विचारतो आणि एकदा सगळी गर्दी विचारते. “एकट्याने विचारलं तर तो प्रश्न,” उस्ताद म्हणाले, “सगळ्यांनी विचारलं की सरकार घाबरतं. म्हणून बंदी गाण्यावर नव्हती, एकत्र म्हणण्यावर होती.”

माझे वडील गावच्या जाखडी नाचात झील धरायचे. शाहिराने ओळ टाकावी आणि चार झीलकऱ्यांनी ती उचलावी. झील उचलली गेली नाही तर शाहीर मध्येच थांबून शिव्या घालायचा, हे मी लहानपणापासून बघितलेलं. आणि तोच मी, हातात ब्लेड घेऊन सगळी झील कापून कचऱ्यात टाकून बसलो होतो. झील न जाणणाऱ्याला क्षमा असेल, बहारीनी मालकाला असेल, जाखडीत वाढलेल्याला कशी असेल?

आमच्या खोलीत माझं शुक्रवारचं नईमला जाणं लोकांना आवडेना. एकदा मी कॅसेट लावली तर आमचा ड्रायव्हर करवादला, “ता हबश्याचं रडगाणं बंद कर रं. जेवताना कशाला?” बाकीचे हसले. एका वर्षापूर्वी मीही हसलो असतो; ‘हबशी’ हा शब्द मीही सहज वापरायचो. त्या दिवशी मी असा भडकलो की ताट सरकवून उठलो. पुढे सुट्टीवर जायच्या वेळी मालकाने पासपोर्ट दिला तो उस्तादांनी सहज चाळला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दक्षिण आफ्रिका सोडून इतर देशांसाठी वैध, अशा अर्थाची ती ओळ होती. “तिथे काळ्या माणसाला माणूस धरत नाहीत म्हणून तुझ्या देशाने हे छापलंय,” ते म्हणाले. “तुला माहीत नव्हतं?” नव्हतं. खोलीवर येऊन मी सहाही जणांना आपापले पासपोर्ट मालकाकडून मागून वाचायला सांगितलं. वाचले कुणीच नाहीत, पण ड्रायव्हर त्यानंतर माझ्यासमोर तो शब्द बोलला नाही.

वर्षं जात राहिली. मी अरबी शिकलो, बऱ्यापैकी शिकलो. अनेकदा ठरवलं, या शुक्रवारी सांगायचं. उस्ताद दार उघडून “या मुहंदिस” म्हणायचे आणि ते राहून जायचं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती एक चूक झाली असती. पाच वर्षांनी सांगणं म्हणजे पाच वर्षं त्यांच्या ताटात जेवून फसवणं होतं. मी भित्रा माणूस आहे. हे लिहिताना तरी दुसरा शब्द कशाला शोधू?

पंच्याऐंशी साली सुदानात लोक रस्त्यावर आले. एप्रिलातल्या एका सकाळी उस्ताद धावत दुकानात आले, पागोटं सुटलेलं. लष्करी राजवट कोसळली होती. रेडिओवर खुद्द खार्तूमच्या रस्त्यावरचा आवाज त्यांनी ऐकला होता आणि लोक तेच म्हणत होते, जात्याचं गाणं. “हजारो, मुहंदिस! रेडिओवर!” आणि दुसरी बातमी अशी की तुरुंगांची दारं उघडली होती. राजकीय कैदी बाहेर येत होते.

त्यांनी नोकरी सोडली, आठ दिवसांत निघाले. त्या आठ दिवसांत माझ्याइतकी प्रार्थना त्यांच्या घरातही कुणी केली नसेल. माझा स्वार्थच होता. भाऊ जिवंत बाहेर आला तर त्याचा आवाज घरी आला, मग टेपवरची तीन वाक्यं असली काय आणि नसली काय, मी सुटलो. गावच्या देवीला मी नारळ आणि साडी बोललो. सुदानातला मुसलमान पोरगा सुटावा म्हणून गुहागरच्या देवीला नवस बोलणारा मी बहुधा एकटाच असेन.

विमानतळावर त्यांनी कॅसेट खिशातून काढून मला दाखवली. “भाऊ भेटला की त्याला हे ऐकवीन. सांगेन, तुझ्या टाळ्या एका हिंदी माणसाने वाचवल्या.” मी “इंशाल्ला” म्हणालो. त्या वेळीही मी सांगितलं नाही.

चार महिन्यांनी एक सुदानी कारकून रजेवरून परत आला आणि माझ्यासाठी एक कॅसेट घेऊन आला. तेव्हा आम्हा सगळ्यांचीच ही रीत होती. पत्र लिहिण्याऐवजी कॅसेटमध्ये बोलायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती द्यायचं. दुपारी शटर ओढून मी ती लावली. उस्तादांचा आवाज थकलेला होता. तीन तुरुंग झाले, याद्या पाहून झाल्या. एका सुटून आलेल्या माणसाने सांगितलं, पहिल्या वर्षी शेजारच्या कोठडीतून एक पोरगा ते गाणं म्हणायचा, आणि कोठड्या-कोठड्यांतून बाकीचे झील धरायचे. मग एका पावसाळ्यानंतर तो आवाज यायचा बंद झाला. “तो माझा भाऊच,” उस्ताद म्हणाले. “दुसरं कोण असणार?” त्यांनी सगळ्यांना सलाम सांगितला आणि बोलणं संपवलं.

मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात खरखर झाली आणि एका म्हातारीचा आवाज आला. ती उस्तादांची आई होती. सावकाश बोलत होती, मला प्रत्येक शब्द कळत होता.

“मुहंदिस, बाळा, माझा मुलगा मशिदीत गेलाय. शेजारच्या पोरीकडून मी हे बटण दाबून घेतलंय. तुझ्यावर अल्लाची कृपा असो. तू माझ्या धाकट्याचा आवाज सांभाळलास. मोठा सांगतो, तो त्या कॅसेटमध्ये आहे. मी रोज लावते बाळा, दोन्ही बाजू ऐकते, मला तो सापडत नाही. माझे कान म्हातारे झालेत. मोठ्याला विचारलं तर तो दुसरंच काही बोलतो. तुझे कान चांगले आहेत. तू मला सांग, कुठल्या बाजूला आहे, कुठल्या गाण्यानंतर? मी विचारलं हे मोठ्याला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल.”

मग पुन्हा खरखर झाली. टेप संपेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. चार वाजता मालकाने शटर वर केलं तेव्हा त्याने विचारलं, घरी कुणी गेलं का. मी हो म्हणालो.

उस्तादांनी आईला खोटं का सांगितलं ते मला कळत होतं. तीन तुरुंगांतून हात हलवत परत आलेला माणूस आईला अजून काय काय गेलं म्हणून सांगणार? आवाज तरी आहे म्हणाला असेल. आणि आता ती माझ्याकडे विचारत होती.

उत्तराची कॅसेट मी किती वेळा भरली आणि पुसली याची गणती नाही. एकदा सगळं खरं बोललो, आई, मी कापलं, माझ्या हाताने कापलं. ते ऐकताना डोळ्यांसमोर ती म्हातारी यंत्रावर वाकून बसलेली दिसली. पुसून टाकलं. एकदा म्हटलं, सहाव्या गाण्यात गर्दीत नीट ऐका, पण ते मला स्वतःलाच पटेना. शेवटी पुढच्या रजेला जाणारा सुदानी विमानतळाकडे निघाला, तेव्हा माझ्या टेबलावर जी कॅसेट होती ती मी त्याच्या हातात दिली आणि बजावलं, फक्त आईच्या हाती दे.

तिच्यावर मी एवढंच बोललो होतो: “आई, दुसरी बाजू लावा. पाचवं गाणं संपलं की टाळ्या आहेत. फार नाहीत, थोड्याच आहेत. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत तुमचा मुलगा आहे. बोलत नाहीये, पण त्याचे हात तिथे आहेत.”

तो तिथे होता, टाळ्या वाजवत होता, यात खोटं काही नव्हतं. पण तो बोलतही होता आणि ते मी कापलं, हे मी तिला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तो कारकून पुन्हा रजेवरून आला तेव्हा कळलं, म्हातारी थंडीत गेली. शेवटचे काही महिने ती दुसरी बाजूच लावायची. टाळ्या आल्या की शेजारच्या पोरीला गप्प बसवायची आणि कान यंत्राला लावून ठेवायची. एकदा पोरीने विचारलं, आजी, काय ऐकतेस? तर म्हणाली, यातली कुठली टाळी माझ्या पोराची, ते बघतेय.